अरुणाचं इंग्रजी

"दारातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. कुणाचंही घर असो." आईनं हे लहानपणी इतक्या धाकानं सांगितलेलं, की दाताच्या डॉक्टरांकडून निघतानासुद्धा माझ्या तोंडून 'येते हं' निघून जातं आणि मग जीभ चावावी लागते.

सिंगापूरला आल्यावर मी त्याचंच इंग्रजी करून टाकलं. आय विल कम. बाकी काही नाही, तेवढ्यावरून सगळं झालं.

ही २०१३ सालची गोष्ट. आम्ही बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत नुकतेच राहायला गेलो होतो. हे, मी आणि आमची गार्गी. ह्यांचं नाव हेमचंद्र. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटीचं काम. आमच्या समोरच्या दारात ग्रॅहम आणि फिलिपा हे ब्रिटिश जोडपं राहायचं, आणि त्यांच्याबरोबर ग्रॅहमची आई, डोरीन. ग्रॅहम ह्यांच्याच बँकेत, पण पुष्कळ वर. ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवायचं की नाही, ते ठरवणाऱ्यांत तो होता. कॉन्ट्रॅक्ट नाही तर इथे राहायचा पास नाही, आणि पास नाही तर सामान बांधा. त्यामुळे आमच्या घरात 'समोरचे' हा शब्दसुद्धा आवाज खाली आणून उच्चारला जाई.

नवीन घरात आलो म्हणून मी शेजारी नारळाच्या वड्या घेऊन गेले. दार डोरीननीच उघडलं. पांढरेशुभ्र केस, गळ्यात मोत्यांची माळ, आणि इतक्या उकाड्यात अंगात लोकरीचा जॅकेटवजा स्वेटर. वड्यांचं फार कौतुक केलं. निघताना म्हणाल्या, "एक दिवस चहाला यायलाच हवं हं तुम्ही." मी आपली सवयीनं म्हटलं, "ओके, आय विल कम."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोथीला बसले होते. रोजचा एक अध्याय, तो चुकत नाही. त्याच्या पुढच्या दिवशी डोरीन लिफ्टमध्ये भेटल्या. "काल काहीतरी अडचण आली असेल तुम्हाला," त्या हसून म्हणाल्या. मला काही उलगडा होईना.

उलगडा गार्गीनं केला. "आई, तू त्यांना विल कम म्हणालीस? ग्रॅनीने काल टेबल लावलेलं. मी स्कूलमधून आले तेव्हा डोअर ओपन होतं. टू कप्स."

"अगं, पण त्याच तर म्हणाल्या, कधीतरी या."

"ते असंच म्हणतात, लाह! मस्ट कम मीन्स डोन्ट कम. तू का येस म्हणालीस?" वाक्याला जोडायचं हे 'लाह' तिला इथल्या शाळेत लागलेलं.

म्हणजे त्यांचं बोलावणं खरं नव्हतं आणि माझं 'येते'ही खरं नव्हतं. पण त्या बाईंनी माझं खरं मानून टेबल मांडलं, दार उघडं ठेवलं आणि वाट पाहिली. मला अन्न गोड लागेना. त्याच दिवशी चार वाजता मी गेले, आणि मग रोजच जायला लागले.

त्यांना हाक काय मारावी, हा मोठाच प्रश्न. आंटी म्हटलं तर म्हणाल्या, "मी कुणाची आंटी नाही बाई, डोरीन म्हण." आता आईच्या वयाच्या बाईला नावानं कशी हाक मारू? इंग्रजीत 'अहो' नाही. मग मी नाव न घेताच बोलत राहिले. आपल्याकडे बायका नवऱ्याशी बोलायच्या तसं.

तिथे बसून मी इंग्रजांचं घर पाहिलं. पडदे ओढून, एसी इतका गार करून ठेवलेला की त्यात तो स्वेटर शोभावा. चहा किटलीत मुरवायचा, किटलीला टोपडं घालायचं. कप फेसाच्या पाण्यात बुडवायचे आणि फेसासकट फडक्यानं पुसून टाकायचे. नळाखाली धरायचे म्हणून नाहीत. सुरुवातीला मी गणपतीचं नाव घेऊन तो चहा प्यायले. माझ्यासाठी त्या अंडं न घालता स्कोन करायच्या. गुरुवारी माझा उपास असतो हे कळल्यावर दर गुरुवारी बशीत केळं ठेवायच्या, आणि ते सुरीकाट्यानं कापून खायचं असतं हेही मला शिकवलं. आमचं बोलणं हवेपासून सुरू व्हायचं. "आज गरम आहे." "हो, फारच गरम." सिंगापुरात बारा महिने तीच हवा, पण त्या रोज नव्यानं सांगायच्या. कॉर्नवॉलमध्ये त्यांच्या गावी पाऊस पडतोय की नाही, ते टॅबलेटवर पाहून ठेवलेलं असायचं.

त्या घरात कुणी आवाज चढवत नसे. प्लीज, थँक्यू, डार्लिंग. फिलिपा टेनिसला जाताना सासूच्या गालाला गाल लावून जायची. मला वाटायचं, किती गोड. आमच्याकडे ह्यांचा नि गार्गीचा टॉवेलवरून तमाशा होतो. मग हळूहळू लक्षात आलं, की त्या दोघी गालाला गाल लावतात त्यापलीकडे दिवसभरात एकमेकींशी बोलतच नाहीत. दोन्ही नातवंडं इंग्लंडला बोर्डिंगात. ग्रॅहम उजाडताच जायचा. डोरीन शब्दकोडं सोडवायच्या, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला "हॅव अ लव्हली टाइम" म्हणायच्या.

एका दुपारी चहा ओतताना त्या म्हणाल्या, "ग्रॅहम आणि फिलिपा विचार करत होते."

मला वाटलं, कुठे सहलीबिहलीचा. तसं नव्हतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसांचं एक होम आहे, तिथे खोली घेतली होती. तिकीटही काढलेलं. पुढच्या महिन्यातला गुरुवार. स्वतःचं घर विकून त्या मुलाकडे आल्या होत्या, त्यामुळे परत जायला दुसरी जागा नव्हती.

"तुम्हाला जायचंय?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. कप खाली ठेवताना बशी जरा वाजली. "मला जायचं नाहीये, अरुणा. त्या गावात मी कुणालाही ओळखत नाही. इथे निदान रात्री ग्रॅहमच्या किल्लीचा आवाज येतो."

"मग सांगा ना त्यांना."

"असं म्हणायचं नसतं गं. त्याला उगाच वाईट वाटेल. नो फस."

नो फस म्हणजे गाजावाजा नको, एवढं मला कळत होतं. पण जन्म दिलेल्या मुलाला 'मला इथेच राहायचंय' सांगणं हा गाजावाजा कसा, ते कळत नव्हतं. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "एक करशील? विमानतळापर्यंत येशील? ग्रॅहम हाँगकाँगला असेल त्या दिवशी. फिलिपाची टेनिसची फायनल आहे. टॅक्सी ठरवलीय, पण नुसत्या ड्रायव्हरबरोबर जायला नको वाटतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि येईन म्हटलं. ह्या वेळी मला नीट माहीत होतं मी काय म्हणतेय ते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "आपण त्यांच्यात पडायचं नाही. तो माझा कोण लागतो माहितीय ना?"

"अहो, ती म्हातारी बाई आहे."

"म्हणूनच तर. त्यांच्याकडे हे नॉर्मल असतं. मुलं बोर्डिंगात, म्हातारे होममध्ये. आपल्यासारखे रडतराऊत नाहीत ते."

पुढच्याच आठवड्यात समोरून आम्हा तिघांना रविवारच्या जेवणाचं बोलावणं आलं. डोरीननी फिलिपाला सांगून मुद्दाम बोलवायला लावलं होतं. ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. शर्टाला दोनदा इस्त्री केली. निघताना मला म्हणाले, "तू नुसती हसत राहा. तुला जमतं ते."

त्यांचं रविवारचं जेवण म्हणजे एक विधीच असतो. बाहेर रणरणतं ऊन, आत पडदे बंद, एसी कुडकुडेल इतका. मध्ये भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा, बाजूला बटाटे, मटार, आणि त्या मांसाचाच तपकिरी रस्सा, त्याला ग्रेव्ही म्हणतात. आमच्यासाठी बटाटे वेगळे भाजले होते. मी मनात नाम घेत मटार खात होते.

ग्रॅहम ह्यांना म्हणाला, "ममची खोली इतकी छान आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. शी कान्ट वेट. हो ना, मम?"

"लव्हली," डोरीन म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण मला ती बशी वाजलेली ऐकू येत होती. ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार. मी कधी मोठ्यानं बोलत नाही. भाजीवाल्यानं सडकी भाजी घातली तरी घेऊन येते. पण तेव्हा मी काटा खाली ठेवला.

"शी डझ नॉट वॉन्ट टू गो," मी म्हणाले. "मला त्यांनी स्वतः सांगितलंय. त्यांना तुमच्याजवळ राहायचंय."

सगळ्यांचे काटे थांबले. ग्रॅहमनं आईकडे पाहिलं, आणि खरंच सांगते, त्या क्षणी तो लहान मुलासारखा दिसला. "मम?" तो म्हणाला. त्या हो म्हणाल्या असत्या तर तेवढ्यावर भागलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

डोरीननी नॅपकिननं ओठ टिपले. हसल्या. "अरुणा फार प्रेमळ आहे. पण तिचं इंग्रजी, यू नो... तिचा गैरसमज झालाय. मी म्हणत होते, मला सिंगापूरची आठवण येईल."

"ऑफ कोर्स," फिलिपा म्हणाली. "ग्रेव्ही?"

ग्रॅहमनं ग्रेव्हीचं भांडं ह्यांच्याकडे सरकवलं. आणि ह्यांनी, जन्मात मांसाला हात न लावलेल्या माणसानं, घाबरून ती बटाट्यांवर ओतून घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ली.

घरी येऊन हे मोरीत खूप वेळ चूळ भरत होते. बाहेर आले ते तापूनच. "झालं समाधान? तिनंच तुला तोंडघशी पाडलं. तुझं इंग्रजी काढलं चारचौघांत. आता उद्या मी त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं उभा राहू?"

गार्गी म्हणाली, "आईचं इंग्लिश ओके होतं, बाबा. ग्रॅनी लाइड."

"तू गप्प बैस."

सोमवारी ग्रॅहम ह्यांना त्यावरून एक शब्द बोलला नाही. उलट नेहमीपेक्षा जास्त गोड वागला, आणि त्यानंच ह्यांची झोप उडाली. पण कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मी बोलले काय आणि न बोलले काय, कुणाचंच काही अडलं नव्हतं.

मी चारला जाणं बंद केलं. मला राग आला होता, तो लपवत नाही. बी.ए. झालेय मी. त्यांनी मला खोटं पाडायला हरकत नव्हती, मुलाची लाज राखायची होती म्हणून समजून घेतलं असतं. पण नंतर एकदा, दाराआड का होईना, काही बोलायला हवं होतं. एकदा लिफ्टमध्ये गाठ पडली. त्यांच्या छत्रीला दार लागलं, तर त्या लिफ्टच्या दाराला "सॉरी" म्हणाल्या. खुर्चीला धक्का लागला तरी सॉरी म्हणणारी बाई. मी वाट पाहिली. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज गरम आहे."

"हो, फारच गरम," मी म्हटलं. आमचा मजला आला.

त्याच आठवड्यात रात्रीच्या जेवणाला हे खुशीत होते. "ग्रॅहमनं मला सगळं समजावून सांगितलं. काय सिस्टिम आहे त्यांची! डॉक्टर तिथेच, जेवण तिथेच. पुण्याजवळही आता अशी होम्स निघालीत म्हणे. आईसाठी बघायला हवं."

सासूबाई पुण्याला एकट्या असतात. "त्यांना विचारलंत?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? ती हो म्हणेलच."

हे वरणभात कालवून जेवत होते. मग गार्गीला म्हणाले, "आणि आजीला आत्ताच काही बोलायचं नाही, कळलं?"

गुरुवार उजाडला. ऑफिसला निघताना ह्यांनी दारातच विचारलं, "तू त्या टॅक्सीबिक्सीच्या भानगडीत नाहीयेस ना? काही गरज नाही. ज्या बाईनं तुझा असा उद्धार केला..."

मी डबा हातात दिला. उत्तराची वाट न पाहताच हे लिफ्टकडे वळले.

अंघोळ करून देवापुढे दिवा लावला आणि पोथी उघडली. अक्षरं डोळ्यांपुढून नुसती सरकत होती. मनात तेच टेबल, तेच हसू, तोच नॅपकिन. मला देवाकडे क्षमाबुद्धी मागायची होती, ती काही आली नाही. राग होता तिथेच होता. अध्याय तरी पुरा केला. मग वाटलं, विमानतळापर्यंत येईन म्हटलं तेव्हा मनात राग नसेल तर येईन, असं काही म्हटलं नव्हतं.

समोरून फिलिपाचा आवाज आला, "सेफ ट्रॅव्हल्स, डोरीन!" आणि मग टेनिसच्या बुटांचा, लिफ्टकडे जाणारा. तो खाली गेला, तेव्हा मी साडी सारखी केली, पर्समध्ये पाण्याची बाटली टाकली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

खाली पोर्चमध्ये टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर डिकीत एकुलती एक बॅग ठेवत होता. डोरीन अजून यायच्या होत्या. मी मागचं दार उघडलं आणि त्यांना चढायला सोपं जावं म्हणून पलीकडे सरकून बसले.