फिकट जांभळा

बाण थांबला नाही. पडद्याच्या डाव्या कडेपासून उजवीकडे, मग केसभर खाली उतरून पुन्हा डावीकडे, कुणाचाही हात नसताना तो सरकत होता — आणि ती पेशी, जिचं केंद्रक फुगलेलं, कडा कुरतडल्यासारखी, तिच्या अंगावरून गेला तरी थांबला नाही.

तिने कप खाली ठेवला. खरं तर ती पडद्याकडे बघत होती हाच योगायोग. या वेळी ती सहसा काहीतरी वाचत असते... गेले सात महिने.

कॅन्सरच्या तपासणीला आलेल्या बायकांच्या, काचेवर पसरलेल्या, जांभळ्या रंगात बुडवलेल्या पेशींची चित्रं तिच्या पडद्यावर येतात. संशय वाटेल त्या पेशीवर बाण नेऊन क्लिक करायचं, एवढंच तिचं काम. डॉक्टरीणबाई फक्त खुणा पाहतात. ज्या काचेवर एकही खूण नाही, तिचा अहवाल 'दोष नाही' म्हणून जातो. रोज चाळीस काचा. चार वर्षांत मनगट सुजलं, तेव्हा तिने घरी बसून छोटा प्रोग्राम लिहिला — प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे शेवटी आकडाच. तो नव्वदच्या खाली असेल तर गडद, बाण तिथे ने, क्लिक कर. महिनाभर तिने सगळ्या काचा स्वतःही पाहून पडताळा घेतला. प्रोग्रामची एकही चूक निघाली नाही. तिच्या स्वतःच्या दोन निघाल्या. कुणाला सांगायची गरज तिला तेव्हा वाटली नाही.

तिने प्रोग्राम थांबवून त्या केंद्रकावर बाण नेला. एकशे चार.

काचा रंगवणाऱ्याला सगळे रंगारी म्हणत. तोही स्वतःला तेच म्हणे.

"रंगाची बाटली बदलली का हो?" तिने त्याच्या टेबलाशी जाऊन विचारलं.

"मागच्या सोमवारी. हा नवा माल जरा पाणचट आहे, मॅडम. आमच्या सुनेच्या चहासारखा." तो हसला. "का, दिसायला त्रास होतोय?"

"सांगितलं नाहीत."

"आता यात सांगायचं काय? बघणाऱ्याला पहिल्याच काचेत कळतं की!"

नऊ दिवस. जागेवर परत येताना तिने चाळीसला नऊने गुणलं, आणि गुणाकार चुकला असावा अशा आशेने पुन्हा गुणलं. तीनशे साठ बायका. आणि त्यांतली एक गुरुवारची — गुरुवारी मीच तिला हाताला धरून आणलं होतं, सहा महिने अंगावर काढलंस, आता एक शब्द ऐकणार नाही, म्हणून...

फोन वाजला. नणंदच होती.

"वहिनी, आला अहवाल! दोष नाही! उगाच धाकात ठेवलंस गं मला. दादाला सांग, चार दिवस बहिणीशी गोड बोलत होतास, ते पुरे आता."

"हो का."

"हो का काय? मेले, जरा आनंदाने बोल की. तुझ्याच नजरेखालून गेली ना माझी काच? मग झालं. तू तांदळातला खडा सोडत नाहीस, माझ्यातला कशाला सोडशील?"

"हो," ती म्हणाली. कशाला हो म्हटलं ते तिलाच कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंचं दार सहा पावलांवर. तिने मनात वाक्यं जुळवली. रंग फिका आला होता — खरं. नवी बाटली होती — तेही खरं. प्रत्येक खऱ्या वाक्याच्या शेवटी रंगारी उभा होता, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला. मी पाहिलंच नाही, हे वाक्य मात्र जिभेवर येत नव्हतं. किंवा नव्वदचे एकशे दहा करायचे. संध्याकाळपर्यंत तीनशे साठ काचा पुन्हा तपासून होतील आणि कुणाला... पण अहवाल तर गेले होते. घरोघरी बायका हसत होत्या.

तिने प्रोग्राम बंद केला. गुरुवारची काच उघडली आणि माऊस स्वतःच्या हातात घेतला. हात जड, परका. एक ओळ, दुसरी ओळ... खालच्या कोपऱ्यात काहीतरी. फुगलेलं केंद्रक, की एकावर एक पडलेल्या दोन पेशी? पूर्वी हे पापणी लवायच्या आत कळे. आता तिने आधी आकडा पाहिला. सत्त्याण्णव. आकड्याने काहीच सांगितलं नाही.

दोन असतील. दोनच आहेत. मधली रेघ दिसतेय — दिसतेय ना? तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं. पेशी फुटून नुसते जांभळे चौकोन उरले, आणि त्या चौकोनांत ती रेघ शोधत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती रोग शोधत नव्हती, रोग नसल्याचा पुरावा गोळा करत होती. आणि याच डोळ्यांनी अजून तीनशे एकोणसाठ काचा पाहायच्या होत्या.

बोट बटणावर होतं. ते तिने दाबलंही नाही, उचललंही नाही.