कायमची जोडीदार: हो की नाही

घर विकत घेताना नोटरीकडे जाऊन सही करायची असते, एवढंच मला माहीत होतं. सही मला येते. बाकीचं मी आईवर सोडलं होतं.

आईनं बसमध्येच कानात सांगितलं, "दुवान, तिथली बाई विचारेल, कायमची जोडीदार आहे का. तू म्हण, नाही. शिवणयंत्र चालवून जमवलेत मी घराचे पैसे. उद्या तुझी मायेर्ली उठून गेली, तर घर विकायला तिची सही शोधत फिरशील."

मायेर्ली पुढच्याच सीटवर होती. ती तीन वर्षं माझ्याबरोबर राहतेय. मला घाम सुटला. आमच्या बुकारामांगा शहरात घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

कचेरीतल्या बाईंनी दस्त मोठ्यानं वाचायला घेतला. चौथा मजला, एक खोली, जिन्यातला हिस्सा. आमच्याकडे दाण्यांसारख्या खातात त्या भाजलेल्या मुंग्यांची पुडी आईनं त्यांच्यापुढे धरली. बाईंनी दोन मुंग्या तोंडात टाकल्या आणि त्याच सुरात विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही."

"कायमची जोडीदार? दोन वर्षांहून जास्त एकत्र राहणारी? शपथेवर सांगायचं. कायदा आहे, मला विचारावंच लागतं. खोटं निघालं तर दस्तावरच गदा येईल."

आई डावीकडे, मायेर्ली उजवीकडे. दोघीही माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि ते मला दोन्ही कानांना जाणवत होतं.

"कायमची म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"एक छप्पर, एक अंथरूण, एक टेबल."

"टेबल नाहीये. आम्ही इस्त्रीच्या फळीवर जेवतो."

"बघा!" आई म्हणाली. "टेबल नाही. एकटाच आहे तो."

मायेर्ली माझ्याकडे वळली. "फळी कुणी आणली रे?"

"तू."

"फळी चालेल," बाई मान वर न करता म्हणाल्या. "हो की नाही? मागे माणसं खोळंबलीत."

मागे खरंच एक आजोबा होते. ते आपण जिवंत असल्याचा दाखला काढायला आले होते आणि उशीर होत चालल्यामुळे काळजीत पडले होते.

"हो," मी म्हणालो.

आईनं मुंग्यांची पुडी बंद केली.

"मग तुम्हा दोघांच्या सहीशिवाय हे घर विकता येणार नाही," बाई म्हणाल्या. "ताई, तुम्हीही शपथेवर सांगा. कायमच्या ना तुम्ही?"

मला वाटलं, सुटलो. पण मायेर्लीनं कागद ओढून घेतला आणि पहिलं पान वाचलं. मग परत पहिलंच पान वाचलं.

"मला विचार करावा लागेल," ती म्हणाली.

"विचार? अगं, तीन वर्षं झाली!"

"तीन वर्षांत तू कधी विचारलं नाहीस. आज या बाईंनी विचारलं, तेही कायदा आहे म्हणून."

आई ताडकन उठली. "विचार कसला करतेस, पोरी? काय कमी आहे माझ्या मुलात? नोकरी आहे, दात सरळ आहेत, आता घर होतंय! कर सही!"

"होविताबाई, बसमध्ये तुम्ही काय म्हणालात ते ऐकलंय मी."

आईनं मुंग्यांची पुडी पुन्हा उघडली. "ते मी दुसऱ्या मायेर्लीबद्दल बोलत होते."

"आजी, इथे दबाव चालत नाही. बाहेर बसा," बाई म्हणाल्या. आई बाहेर गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"बसमध्ये तू आईला काय उत्तर दिलंस?" मायेर्लीनं मला विचारलं. "तेवढं ऐकू आलं नाही."

"काहीच नाही दिलं. घाबरलो होतो."

"आणि आता?"

"आता जास्त."

तिनं कागद खाली ठेवला. मग शपथेसाठी ठसे घेण्याच्या यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला.

"पार्लरमध्ये काम करता?" बाईंनी विचारलं. "केसांच्या रंगानं ठसे झिजतात. पुन्हा ठेवा."

लाल. तिनं अंगठा माझ्या शर्टाला पुसला. पुन्हा लाल. दर वेळी वाटायचं, आता ती हात मागे घेईल आणि म्हणेल, जाऊ दे, यंत्रसुद्धा नाहीच म्हणतंय. आजोबा श्वास रोखून बघत होते, आणि त्यांच्या कामाच्या दृष्टीनं ते बरं नव्हतं.

मायेर्लीनं अंगठ्यावर फुंकर मारली आणि तो परत यंत्रावर ठेवला.