दुधावरची माऊ

"ही तुझी नवी आई," असं बाबानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माऊनं त्यातला 'आई' हा शब्द बाजूला ठेवला आणि 'नवी' तेवढा उचलला. तेव्हापासून ती घरात नवीच झाली. शेजारीपाजारी तिला नवी म्हणायचे आणि नवरासुद्धा कधीमधी चुकून त्याच नावानं हाक मारून जीभ चावायचा.

माऊची आई गेली तेव्हा माऊ जेमतेम दोन वर्षांची होती. पुढे वर्षभर तिला खालच्या मजल्यावरच्या आत्यानं सांभाळलं. आत्या बोलायला फटकळ. लग्नानंतर माऊला वर पोचवताना तिनं कपड्यांची पिशवी नवीच्या हातात दिली आणि म्हणाली, "माझ्याकडे ही ताट चाटूनपुसून खायची. तेवढं बघ बाई, पोर वाळवू नकोस."

ही आपल्याकडे जेवलीच नाही तर, असं नवीच्या मनात तेव्हाच आलं.

आणि झालंही तसंच. वर आल्यावर माऊनं तोंड मिटलं ते मिटलंच. भात कालवला, अंडं उकडलं, बटाटा कुस्करून त्याचे हत्ती-घोडे केले, तरी माऊ मान फिरवायची. जबरदस्तीनं घास भरवला तर गालात धरून ठेवायची आणि नवीची पाठ वळली की उशीखाली थुंकायची. नवऱ्याचं काम लिफ्टदुरुस्तीचं. तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. बालवाडी आणि नवीचं लाँड्रीतलं काम सोडलं तर घरात या दोघी, आणि मध्ये ते ताट.

एका संध्याकाळी माऊ रडून रडून निळी पडायची वेळ आली. नवीनं फळीवरची जुनी बाटली काढली, धुतली, तिच्यात कोमट दूध भरलं आणि पुढे धरली. माऊ गप्प झाली. बाटली घेऊन सरळ नवीच्या मांडीवर येऊन बसली, डोकं तिच्या छातीशी टेकलं आणि डोळे मिटून दूध ओढायला लागली. पहिल्यांदाच ती आपणहून जवळ आली होती. नवी तशीच बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही.

त्या दिवसापासून दूध सुरू झालं. सकाळी उठल्यावर, बालवाडीतून आल्यावर, रडल्यावर, झोपताना. माऊनं हात पुढे केला की बाटली, आणि बाटली आली की मांडी. दिवसात किती बाटल्या झाल्या ते मोजायचं नवीनं सोडूनच दिलं. माऊच्या ताटातलं जेवण ती आपल्या डब्यात भरायची आणि लाँड्रीत कामावर गेली की दुपारी खायची. नवऱ्यानं विचारलं, "जेवली का गं?" तर म्हणायची, "जेवली." ताट रिकामं असायचंच, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

माऊ वाळली नाही. उलट चांगली गुबगुबीत झाली. हाताला वळ्या पडल्या, गाल वर आले. आत्यानंही एकदा तिची हनुवटी धरून म्हटलं, "अंग धरलंय हं पोरीनं. आणि गोरी पण झाली की!" नवीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

पण हळूहळू तिच्या मनात काहीतरी कुरतडायला लागलं. पलंगामागच्या भिंतीचा चुना नखांनी खरवडलेला दिसला, आणि माऊच्या ओठांवर पांढरी पूड. मग तिला बर्फाचा नाद लागला. फ्रीज उघडला की धावत यायची आणि खडे कडाकडा चावायची. बालवाडीच्या बाई एकदा फाटकाशी थांबून म्हणाल्या, "हिला घरी झोप मिळत नाही का? सगळी पोरं पळत असतात, ही आपली भिंतीला टेकून बसते." नवी म्हणाली, "लाजाळू आहे थोडी."

बालवाडीला सुट्टी होती म्हणून एकदा ती माऊला लाँड्रीत घेऊन गेली. नवी हॉटेलच्या चादरी घडी घालत होती. माऊ टेबलापाशी उभी राहिली आणि तिनं गंमत म्हणून चादरीवर हात पालथा ठेवला, मग उताणा केला. नवीची घडी अर्ध्यातच राहिली. ब्लीच केलेली पांढरी फटक चादर, आणि तिच्यावर तो लहानसा तळवा. कुठे चादर संपते आणि कुठे हात सुरू होतो, तेच कळेना.

नवीनं माऊचा हात धरून चोळला, जोरजोरात चोळला. लाली काही येईना.

"नवी, दुखतंय ना!" माऊ कुरकुरली.

उद्या दवाखान्यात न्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. पण तो उद्या उगवला, आणि दवाखान्यात गेल्यावर काय विचारतील या विचारानंच तिनं पायात घातलेली चप्पल काढून ठेवली. थोडं थांबू, असं तिनं स्वतःला समजावलं.

थांबायला वेळ मिळाला नाही. दोनच दिवसांनी बालवाडीतून परत येताना माऊ जिन्यात खाली बसली. लिफ्ट नेहमीसारखी बंद होती. लिफ्टवाल्याच्याच बिल्डिंगची लिफ्ट कायम बंद, यावरून सगळे त्याची टर उडवायचे.

"चल गं, आलंच घर."

माऊ उठेना. तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. नवीनं तिला उचललं तेव्हा फ्रॉकमधून तिच्या छातीची धडधड हाताला लागली, मुठीत पाखरू धरावं तशी. मान खांद्यावर अशी पडली की नवीच्या तोंडून किंकाळीच बाहेर पडली.

आत्या दार उघडून धावत आली. तिनं माऊची खालची पापणी ओढून पाहिली. आतून लाल असायला हवं तिथं कागदासारखं पांढरं होतं.

"अगं, हिच्या अंगात रक्त तरी आहे का!" आत्या ओरडली. "चप्पल घाल. चल, चल लवकर."

टॅक्सीत नवी एकसारखी माऊच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतोय का बघत होती.

हॉस्पिटलमध्ये माऊच्या दंडातून रक्त काढलं. ती धड रडलीही नाही. तिच्या रडण्याला एरवी वैतागणाऱ्या नवीला त्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटली. नवरा कामावरून तसाच धावत आला, हाताला ग्रीस लागलेलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या.

"मुलीचं रक्त फारच कमी आहे," त्या म्हणाल्या. "असायला हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंसुद्धा नाही. लोह अगदी संपलेलं दिसतंय. हे एका दिवसात होत नाही, महिनोन्महिने चाललेलं असणार. खाते काय काय?"

प्रश्न नवीकडे बघूनच होता. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला नवरा.

"सगळं खाते," नवी म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "डाळ, भाजी, अंडी."

"आणि दूध?"

"घेते. थोडंसं."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "विचित्र आहे. सगळं खाणाऱ्या मुलीचं लोह असं संपत नाही. म्हणजे मग आतून कुठेतरी रक्त गळत असणार. आज हळूहळू रक्त चढवू आणि उद्या सकाळी बेशुद्ध करून पोटात दुर्बीण घालून बघावं लागेल."

"धोका आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"इतक्या अशक्त मुलीला बेशुद्ध करायचं म्हणजे धोका थोडा वाढतोच. तुमची सही लागेल."

त्या कागद आणायला गेल्या. नवरा बाकावर बसला आणि ग्रीसच्या हातांनी त्यानं तोंड झाकलं. "हिची आईपण अशीच," तो पुटपुटला, "अशीच पांढरी पडत गेली होती. तोच रोग नसेल ना?"

"गप रे," आत्या म्हणाली, पण तिचाही आवाज कापत होता.

आपण सांगितलं तर काय होईल, हे नवीला डोळ्यांसमोर दिसत होतं. आत्याचा चेहरा, नवऱ्याचा चेहरा, जिन्यातली कुजबुज. सावत्र होती हो, उपाशी ठेवलं पोरीला. आणि नाही सांगितलं तर उद्या माऊला त्या दाराआड नेतील, तोंडावर मास्क ठेवतील, आणि ते पाखरासारखं धडधडणारं काळीज...

डॉक्टरीणबाई परत आल्या. नवऱ्यानं पेन हातात घेतलं.

"थांबा!" नवीनं त्याचं मनगट धरलं. "सही करू नका. मी खोटं बोलले. ती काहीच खात नाही. आमच्याकडे राहायला आली तेव्हापासून घास शिवत नाही. नुसतं दूध पिते. दिवसभर दूध. तिचं जेवण मी डब्यात घालून न्यायची, मीच खायची."

"मला का नाही सांगितलंस?" नवऱ्यानं विचारलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"सगळ्यांनी म्हटलं असतं, सावत्र आहे. आणि अहो, बाटली दिली की ती माझ्याजवळ यायची. एरवी नाही यायची."

डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. किती बाटल्या, किती मोठ्या, भिंत खाते का, बर्फ खाते का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. नवी एकेका प्रश्नाला मान हलवत गेली.

"दूध वाईट नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण दुधात लोह जवळजवळ नसतंच. दुधानंच पोट भरलं की भूक मरते, आणि फार दूध झालं तर काही मुलांच्या आतड्यातून थेंब थेंब रक्तही झिरपतं. वजन वाढतं, गाल येतात, आणि रक्त मात्र आटत जातं. आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," नवी म्हणाली.

"दुर्बीण थांबवू. रक्त चढवू, लोहाचं औषध सुरू करू. तुम्ही म्हणता तसंच असेल तर आठवड्याभरात नवं रक्त तयार व्हायला लागेल. नाही लागलं, तर मात्र बघावंच लागेल."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नवीला दुसऱ्याच भीतीनं घेरलं. आपलं म्हणणं चुकीचं निघालं तर? खरंच आत कुठे रक्त गळत असेल, आणि आपण तपासणी थांबवली असेल तर?

रक्ताची पिशवी लागली. काळजावर ताण नको म्हणून थेंब अगदी सावकाश पडत होते. नवी त्या नळीकडे टक लावून बसली. दोन थेंबांमध्ये जरा जास्त वेळ गेला की नर्सला हाक मारायची. शेवटी नर्सच म्हणाली, "बाई, तुम्ही नळीकडे बघणं सोडा, मुलीकडे बघा."

आत्या चहाचे दोन कप घेऊन आली. नवीनं मान खाली घातली. आता बोलणी खायची तयारी होती तिची. आत्यानं कप तिच्या हातात दिला आणि बराच वेळ आपल्या चहावर फुंकर घालत राहिली.

"माझ्याकडेपण चाटूनपुसून खात नव्हती ती," अखेर आत्या म्हणाली. "टीव्हीसमोर बसवून कोंबायची मी. अर्धं तर माझ्या साडीवर यायचं. तुझ्यासमोर आपला तोरा मिरवला, झालं." तिनं नाक ओढलं. "मेलं माझं तोंड."

नवीला हसू आलं आणि रडू आलं, आणि चहा अंगावर सांडला.

घरी आल्यावर बाटली नव्हती. माऊनं ती पलंगाखाली शोधली, कपाटात शोधली, मग जमिनीवर लोळण घेतली. लोहाचं औषध तिनं पहिल्याच चमच्याला नवीच्या तोंडावर थुंकलं. "नवी घाण आहे! मला आत्याकडे जायचंय!" ती मांडीवर येईना, हात लावू देईना, झोपली तरी भिंतीकडे तोंड करून. ज्याची भीती वाटत होती तेच झालं होतं. नवी चमचा धुवायची आणि पुन्हा भरायची. औषध मोसंबीच्या रसातून दिलं तर जातं, हे नवऱ्यानं शोधून काढलं. तो आता लवकर घरी येत होता आणि माऊच्या शेजारी बसून स्वतः मचमच आवाज करत जेवत होता. आत्याही आपलं ताट घेऊन वर यायची. माऊला कुणी आग्रह करायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, त्यामुळे तिघं मोठी माणसं छताकडे बघत जेवायची.

एका सकाळी माऊची शी काळी कुळकुळीत झाली. नवी धावतच जिना उतरून आत्याकडे गेली. "ताई, रक्त! आत रक्त आहे, मी तपासणी थांबवली!" आत्यानं हॉस्पिटलला फोन लावला. औषधानं तसं होतंच, आणि हे तुम्हाला घरी जाताना सांगितलं होतं, असं तिकडून उत्तर आलं. सांगितलंही असेल. नवीला त्या दिवशीचं काहीएक आठवत नव्हतं.

आठवड्यानं पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद वाचत होत्या तेवढा वेळ नवीनं श्वास रोखून धरला होता.

"नवं रक्त तयार होतंय," त्या म्हणाल्या. "छान होतंय. औषध मात्र काही महिने चालू ठेवायचं. दूध जेवणानंतर एखादा कप, आणि तेही कपातूनच."

नवऱ्यानं नवीच्या पाठीवर हात ठेवला. तिचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. तेव्हापासून रोज सकाळी ती माऊची पापणी ओढून बघायची. उजेडात नेऊन बघायची, मग पुन्हा बघायची. माऊ वैतागून डोळे घट्ट मिटून घ्यायची.

असंच एकदा दुपारी नवी खिडकीत कपडे वाळत घालत होती. माऊ बाहेरून आली, मुलांबरोबर खेळून घामाघूम झालेली. दारात उभी राहून म्हणाली, "नवी, भूक लागली."

नवीच्या हातातला शर्ट खाली रस्त्यावर पडला. ती स्वयंपाकघरात धावली. अंडं इतक्या घाईनं फोडलं की टरफल आत पडलं. ते काढण्याच्या नादात कडा करपल्या. घरभर धूर झाला. तशीच ताटली तिनं माऊपुढे ठेवली, समोर बसली, आणि आता नको म्हणेल, आता ढकलेल, म्हणून साडीचा पदर मुठीत आवळून धरला.

माऊनं नाक मुरडलं. बोटानं करपलेला भाग सोलून बाजूला केला, उरलेलं तोंडात कोंबलं, आणि रिकामी ताटली पुढे सरकवली.

"अजून एक कर," ती म्हणाली. "पण काळं नको करूस."