उत्तर क्रमांक चार

“चार,” सून म्हणाली.

“चार म्हणजे काय?” स्वयंपाकघराच्या दारातून सासऱ्यांनी विचारलं.

सर्वेच्या बाईंनी फॉर्मवर चार या आकड्याभोवती गोल काढला आणि कार्ड मांडीवर पालथं घातलं. सून ओट्याशी स्टुलावर बसून मटार सोलत होती. तिने पुढची शेंग उचलली, अंगठ्याने उकलली, दाणे वाडग्यात पाडले. मान काही वर केली नाही.

“अहो बाई, मी तुम्हाला विचारतोय. देशाला सगळ्यांत मोठा धोका कोणाकडून, असा प्रश्न होता. मी ऐकलाय. त्याला चार? चार हा काय देश आहे?”

“पर्याय कार्डावर छापलेत, काका. त्यांनी फक्त आकडा सांगायचा असतो.”

“मग कार्ड दाखवा.”

“ज्यांची मुलाखत असते त्यांनाच दाखवतात. पुढचा प्रश्न घेऊ ना?” हे सुनेला होतं.

“घ्या,” सून म्हणाली.

बाई एकोणीस वर्षं हेच काम करत होत्या. साबण, मोबाइलचे टॉवर, लहान मुलांची वजनं, निवडणुका. ज्या विषयाचा फॉर्म हातात येई तो घेऊन त्या जिने चढत. प्रश्न छापला असेल तसाच वाचायचा. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. उत्तर ऐकून हसायचं नाही, मान डोलवायची नाही, “छान” म्हणायचं नाही. सवय इतकी मुरली होती की घरी मुलगा त्यांची नक्कल करी, “आई, मला भूक लागलीय. पूर्णपणे सहमत, काहीसं सहमत, की सांगता येत नाही?” त्यांचं स्वतःचं मत मात्र त्यांना कोणी विचारलं तर पंचाईत व्हायची. ते त्यांनी इतकी वर्षं बाहेर काढलंच नव्हतं.

या खेपेचा फॉर्म जगभरातल्या देशांनी मिळून चालवलेल्या एका मोठ्या संस्थेचा होता. लोकांचा आपल्यावर किती विश्वास आहे, हे त्या संस्थेला जाणून घ्यायचं होतं. आणि लोकांना कोणाची भीती वाटते, हेही.

घरातलं कोणाला विचारायचं, हे बाई ठरवत नसत. त्याचा नियम होता: घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार, त्याची मुलाखत. दार उघडल्यावर सासऱ्यांनी खुर्ची ओढून दिली होती, चष्मा पुसून घेतला होता आणि समोर बसले होते. त्यांचा वाढदिवस आठ महिन्यांनी होता. त्यांच्या मुलाचा पाच महिन्यांनी. सुनेचा त्यांना आठवेना.

“पुढच्या बुधवारी,” आतून आवाज आला.

“तिला काय विचारणार?” सासरे म्हणाले होते. “ती बातम्यासुद्धा बघत नाही. मी एकतीस वर्षं सीमेवरच्या तपासणी नाक्यावर काढलीत. धोका कुठून येतो ते मला विचारा.”

बाईंना त्यांचं वाईट वाटलं होतं. खरोखर. पण नियम नियम होता.

आता त्या पुढचे प्रश्न वाचत गेल्या. आंतरराष्ट्रीय संस्थांनी आपल्या देशाला सल्ला द्यावा का? दोन. बाहेरून आलेल्या मदतीमुळे आपल्या भागात काही बदललं का? पाच. या प्रश्नापाशी सून जराशी थांबली होती. हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने कार्डावर नखाने एक ओळ दाखवली, पुन्हा वाचली आणि म्हणाली, “हो, पाचच.” कोणी तरी आपल्याला विचारतंय आणि आपण विचार करून सांगतोय, याची नवलाई तिच्या चेहऱ्यावर होती. बाईंनी ती शेकडो घरांत पाहिली होती. तरी दर वेळी त्या थोड्या सावकाश वाचू लागत.

कार्डाचे सहा प्रकार होते. सगळ्यांत पर्याय तेच, पण क्रम वेगळा. त्यामुळे दारात नवरा उभा असो, सासू असो, की मालक असो, त्याच्या कानावर नुसता आकडा पडे. या कामातली सगळ्यांत हुशार वस्तू कोणती, असं बाईंना कोणी विचारलं असतं, तर त्यांनी हे कार्ड दाखवलं असतं. दाखवलंही नसतं म्हणा.

मुलाखत संपली. सुनेने “चहा ठेवू?” विचारलं, बाईंनी नको म्हटलं. फॉर्म आणि कार्ड पिशवीत गेलं.

सासरे दारातून हलले नाहीत.

“माझ्या नाक्यावर पांढऱ्या गाड्या यायच्या,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “ह्याच तुमच्या संस्थेच्या. सोबत कागद असायचा, की पेट्या उघडायच्या नाहीत. माझ्या हाताखालून न उघडता एक पेटी गेली नाही, बाई. भाजीची पाटी सोडली नाही, लग्नाचा करंडा सोडला नाही. फक्त ह्यांच्या पेट्या. औषधं होती की आणखी काय, मला आजतागायत माहीत नाही. मी सलाम ठोकून फाटक उघडायचो. आणि आज माझ्या स्वयंपाकघरातून माझ्या सुनेचं उत्तर बंद करून नेताय?”

“तुमचं म्हणणं मला कळतंय, काका,” त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. “पण हे माझं नाही, तुम्हाला द्यायला.”

त्यांच्या बाजूने वाट काढून त्या तीन मजले उतरल्या. मागे चपलांचा आवाज येत होता. पहिल्या मजल्यावरून सासऱ्यांनी खाली हाक मारली, “गेट लाव रे! ह्यांना सोडू नकोस.”

रखवालदाराने अर्धी विडी विझवली आणि गेटला कडी घातली. बाईंकडे बघून ओशाळं हसलाही. साहेबांनी सांगितलं होतं, तो काय करणार?

पाच मिनिटांत गेटपाशी माणसं जमली. तळमजल्यावरचा औषधवाला दुकान तसंच टाकून आला. शिकवण्या घेणाऱ्या मॅडम हातात तांबडं पेन घेऊन आल्या.

“काय झालं? चोरी?”

“चोरीच म्हणा,” सासरे म्हणाले. “घराघरातून माहिती गोळा करतायत. परदेशात पाठवायला.”

“माझ्याकडेपण आल्या होत्या मागं,” औषधवाला म्हणाला. “कुठला साबण वापरता म्हणून.”

“साबणापासूनच सुरू होतं सगळं,” मॅडम म्हणाल्या. “आधी साबण विचारतात, मग आपल्याला काय वाटतं ते विचारतात, मग आपल्याला काय वाटावं ते हेच ठरवतात. तुम्हाला पगार कोण देतं हो?”

“इथलीच कंपनी देते.”

“आणि कंपनीला?”

“ती संस्था.”

“बघा!” औषधवाला म्हणाला. त्याच्या फळीवरची निम्मी औषधं परदेशातून त्याच रस्त्याने आलेली असावीत, पण ही वेळ ते बोलायची नव्हती.

“तिला काय समजतंय हो त्यातलं,” सासरे म्हणाले. “साधी पोर. काहीतरी आकडा सांगून बसली. उद्या तो आकडा कुठे छापून येईल, कोण काय अर्थ काढेल. मला फक्त ते कार्ड बघू द्या. चार म्हणजे काय, एवढंच. मग जा तुम्ही.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“पिशवी उघडून बघता येईल आम्हाला.”

“बघा. पण मग हात माझ्या पिशवीत घातलात असं मी वर लिहीन. नाव, वेळ, सगळं. माझं अक्षर चांगलं आहे.”

सासऱ्यांचा हात वर आला आणि हवेतच राहिला. एकतीस वर्षं पेट्या उघडलेल्या माणसाला परवानगीचं महत्त्व ठाऊक होतं. त्यांनी हात खाली घेतला आणि फॉर्मसोबत मिळालेल्या माहितीपत्रकावरचा फोन नंबर लावला.

फोन सुपरवायझरने उचलला. तो बाईंच्या मुलाहून दोन वर्षांनी मोठा होता. सासऱ्यांचं बोलणं त्याने दहा मिनिटं ऐकून घेतलं, मग फोन बाईंना द्यायला सांगितला.

“मॅडम, दाखवून टाका ना ते कार्ड. कशाला वाढवायचं?”

“सर, ट्रेनिंगमध्ये तुम्हीच सांगितलं होतं.”

“ट्रेनिंगमध्ये गेट बंद नसतं, मॅडम. बरं, असं करा. त्यांच्या सुनेचा फॉर्म रद्द करा आणि त्याच जागी त्या काकांची मुलाखत घ्या. त्यांना बोलायचंच आहे. घर तेच, पत्ता तोच.”

“पत्त्याला मत नसतं, सर.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“फॉर्म मी रद्द करेन,” बाई म्हणाल्या, “पण ते त्या बाईंनी स्वतः सांगितलं तर. त्यांच्या जागी दुसऱ्याचं उत्तर मी भरणार नाही. एकोणीस वर्षांत नाही भरलं.”

“मग उद्यापासून नका येऊ,” सुपरवायझर म्हणाला. तो चिडलेला नव्हता, दमलेला होता. “मला असली प्रकरणं नकोत. आजचे फॉर्म संध्याकाळी ऑफिसात टाका.”

बाईंनी फोन सासऱ्यांना परत दिला. पिशवीचा पट्टा त्यांनी खांद्यावर ओढून घेतला. उद्यापासून. त्यांना आठवलं की नवे बूट मागच्याच आठवड्यात घेतले होते, जिन्यांसाठी, मऊ तळव्यांचे.

“काय म्हणाले?” औषधवाल्याने विचारलं.

“मला काढलं.”

मॅडमनी तांबड्या पेनाला टोपण लावलं.

“मग आता तरी दाखवा,” सासरे म्हणाले, जरा हळू. “आता तुम्हाला काय त्याचं?”

“आता तर मुळीच नाही,” बाई म्हणाल्या. आपला आवाज एवढा मोठा लागतो, हे त्यांनाही नवीन होतं. “नोकरी होती तोवर म्हणता आलं असतं, आमच्या साहेबांनी सांगितलं म्हणून दाखवलं.”

जिन्यावर सून उभी होती. ती कधी आली कोणाला कळलं नव्हतं. पदराला ओले हात पुसत ती खाली आली.

“तू वर जा,” सासरे म्हणाले.

“बाबा, माझ्यावरून चाललंय ना हे? मग मी इथेच थांबते.”

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“माझं मत सांगितलं.”

“अगं, तेच तर विचारतोय मी. काय मत?”

सुनेने गेटपाशी जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. ती माघार घेईल, असं बाईंना वाटलं. पुष्कळ जणी घेत, आणि ते समजण्यासारखं होतं. ह्या घरात तिला रोज राहायचं होतं. बाईंनी मनातल्या मनात फॉर्मवर आडवी रेघ मारूनही टाकली.

“सांगणार नाही,” सून म्हणाली. “तुम्ही नाक्यावर होतात बाबा, तुम्हाला सगळ्यांच्या पेट्या उघडायची सवय. मी काही पेटी नाही. आणि मी साधी पोर पण नाही. पुढच्या बुधवारी चौतीस पूर्ण होतील मला. प्रश्न तीनदा वाचला मी. उत्तर विचार करून दिलंय.”

“म्हणजे आपल्याच माणसाला सांगायचं नाही आणि त्या लांबच्या लोकांना—”

“त्यांना माझं नावपण माहीत नाही. तुम्ही रागावाल म्हणून नाही सांगत असं समजू नका. कदाचित तुमचं नि माझं उत्तर एकच असेल. असेलही. तरी नाही सांगणार.”

सासरे तिच्याकडे बघत राहिले. औषधवाल्याला दुकान उघडं असल्याचं आठवलं.

“कडी काढा, दादा,” सून रखवालदाराला म्हणाली.

रखवालदाराने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग सुनेनेच पुढे होऊन कडी काढली आणि गेट एका माणसापुरतं लोटलं.

“ताई,” ती बाईंना म्हणाली, “माझा फॉर्म रद्द करायचा नाही.”

बाई एवढंच म्हणाल्या, “नाही करत.”

रस्ता ओलांडून त्या बसथांब्याच्या बाकावर टेकल्या. यादीतली आणखी दोन घरं राहिली होती. आजचा दिवस अजून त्यांचा होता. त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. शेवटचं पान मुलाखत घेणाऱ्याने स्वतः भरायचं असतं. त्यांनी तारीख टाकली, कंपनीने दिलेला आपला नंबर टाकला: सात. मुलाखतीच्या वेळी दुसरी व्यक्ती हजर होती का? होती.

त्या व्यक्तीच्या हजेरीचा उत्तरांवर परिणाम झाला का?

हो, नाही, सांगता येत नाही. एवढी वर्षं या ओळीवर त्यांनी न चुकता तिसऱ्या चौकटीत खूण केली होती, कारण माणसाच्या मनात काय चालतं ते बाहेरून सांगता येत नाही, असंच त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बस आली, थांबली, निघून गेली. बाईंनी पेन दुसऱ्या चौकटीवर टेकवलं आणि खूण केली. ती इतकी दाबून केलेली होती, की खालच्या कोऱ्या फॉर्मवरही तिचा ठसा दिसत होता.