तारीख : आकाराम गाडीत बसला की

मित्रांनो, मी एक म्हातारा फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, चौकातला. शाळेतल्या फळ्याला उन्हाळ्याची सुट्टी असते. मला खरं काम उन्हाळ्यातच.

माझा जन्म आंब्याच्या झाडापोटी झाला. तो आंबा एवढा मोठा होता की त्याच्या सावलीत सकाळी आडवा झालेला माणूस दुपारी जागा झाला तर त्याला घरी जायला वाट सापडत नसे. धनाजी सुतारानं त्या झाडाच्या फळ्या जोडून मला घडवलं, वर काळा रंग दिला आणि आष्ट्याच्या पुढच्या, कृष्णाकाठच्या या गावात हौशी संगीत मंडळाच्या खोलीच्या भिंतीवर ठोकलं. समोर बोळ, आणि बोळापलीकडे शालूबाईंचं दार. त्या दाराकडे बघतच मी म्हातारा झालो.

गावात पुढं काय काय होणार, ते आधी माझ्या अंगावर उमटायचं. कुस्त्यांचं मैदान, जनावरांच्या लसी, म्हसवडच्या रथाला जाणारी गाडी, कुणाची हरवलेली शेळी. एकदा माझ्यावर 'नळाला पाणी उद्या' असं लिहिलं, तर माझ्या धाकानं पाणी आजच आलं. खोटं वाटत असेल तर नळाला विचारा.

पण माझी खरी ऐट मे महिन्यात. तेव्हा मंडळाचं संगीत नाटक व्हायचं, 'संगीत रत्नमहाल'. दरवर्षी हेच, कारण मंडळाला दुसरं येतच नव्हतं. प्रेक्षकांना ते इतकं पाठ होतं की नट अडखळला तर पहिल्या रांगेतल्या बायका त्याला पुढचं वाक्य सांगायच्या आणि वर हसायच्याही. राजपुत्राची भूमिका शालूबाईंच्या आकारामची. फौजेत हवालदार. छाती दारासारखी आणि गळा मधासारखा. तो गायला लागला की नदीपलीकडच्या गावातली पोरं रडायची थांबत.

आता फौजेतल्या घरांची एक रीत असते. सुट्टी मिळणार मिळणार म्हणून घरी कळवावं आणि ऐनवेळी ती रद्द व्हावी, आईनं पुरण शिजवून वाट बघत बसावं, असं आकारामच्या पहिल्याच वर्षी झालं होतं. तेव्हापासून तो आईला येण्याचा दिवस सांगत नसे. सुट्टीचा कागद खिशात घालून रेल्वेत बसला, गाडी हलली, की तो गंगाधरपंतांना फोन करायचा. हे पंत मूळचे वाईचे, पोस्टात नोकरीला आले आणि इथलेच झाले. नाटकात पेटी वाजवायचे आणि माझ्यावर लिहायचे. त्यांचं अक्षर असं की वाचायला न येणारेही उभे राहून बघत. मे लागला की ते लिहीत:

'संगीत रत्नमहाल. तारीख : आकाराम गाडीत बसला की.'

ही ओळ माझ्या अंगावर इतक्या उन्हाळ्यांत उमटली की माझ्या लाकडात मुरली. एका महापुरात मी भिंतीवरून निसटलो आणि वाहत थेट सांगलीच्या पुलाखाली गेलो. पुलावरची माणसं माझ्यावरचं वाचून ओरडू लागली, की हा आकाराम कोण आणि अजून गाडीत का बसला नाही? मग मी लाजून प्रवाहाविरुद्ध पोहत घरी आलो. निदान मी तरी तसंच सांगतो.

फोन आला की पंत ती ओळ पुसून तारीख लिहायचे. शालूबाईंना वाचता येत नव्हतं. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि माणसंही नुसती सावल्यांसारखी दिसू लागली. पण कान तिखट. रोज संध्याकाळी काठी टेकत बोळ ओलांडून यायच्या, माझी चौकट चाचपायच्या आणि जाणाऱ्याला विचारायच्या, "तारीख पडली का रं?" पडली म्हटलं की त्या खडूवरून अलगद हात फिरवायच्या आणि तो पांढरा हात कपाळाला लावायच्या. तारीख पडली म्हणजे पोरगा गाडीत बसला. त्यांना त्याचा दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता.

गेल्याच्या मागच्या थंडीत गंगाधरपंत गेले. मंडळ त्यांचा पुतण्या अवधूत बघू लागला. पोरगा वाईट नाही हं, मित्रांनो. त्यानंच मंडळाला चांगले दिवे आणले, सांगलीचे वाद्यवाले ठरवले. पण वाद्यवाल्यांना लग्नसराईत 'आकाराम गाडीत बसला की' सांगून चालत नाही. त्यांना तारीख लागते. अवधूतनं तारीख दिली. ती फोनवर आकारामला कळवली तेव्हा त्याची सुट्टी नेमकी पुढं ढकलली गेली होती. तारीख काही हलेना. मग शिवतेज नावाच्या तरुण नटाला राजपुत्राचा अंगरखा चढवला, आणि बोलण्याला नि पदांना आदल्या उन्हाळ्यात मोबाइलवर भरून ठेवलेला आकारामचाच आवाज लावायचं ठरलं. शिवतेजनं नुसते ओठ हलवायचे.

हे शालूबाईंना कुणी सांगितलं नाही. अवधूतला वाटलं शिवतेज सांगेल, शिवतेजला वाटलं शेजारची पूजा सांगेल, आणि पूजाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पंतांच्या त्या ओळीला ही नवी मुलं पंतांची थट्टा समजत.

नाटकाच्या आदल्या दिवशी फ्लेक्स आला. रंगीत, चकचकीत. तो कुठं बांधला? माझ्या तोंडावर. आयुष्यभर गावाला बातम्या दिल्या आणि म्हातारपणी नाकातोंडाशी प्लॅस्टिक. त्याच्याआड पंतांच्या अक्षराची ती मुरलेली ओळ अंधारात गेली.

संध्याकाळी काठीचा आवाज आला. शालूबाईंचा हात फ्लेक्सवर फिरला, खडू लागेना म्हणून गोंधळला. त्यांनी पूजाला विचारलं. पूजानं मोठ्यानं वाचून दाखवलं, की उद्या नाटक आहे, आणि मंडळी तालमीला सांगलीला गेलीत असंही सांगितलं.

"मग त्यो सांगलीलाच उतरून तालमीला गेला असंल," शालूबाई म्हणाल्या. "उद्या येतोय घरला."

मी ओरडलो, मित्रांनो. पण फळ्याला आवाज खडूचा, आणि खडू नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून खरपूस वास येत होता. दिवेलागणीला खोलीमागच्या पटांगणात नाटक सुरू झालं. शालूबाई पहिल्या रांगेत, आणि शेजारच्या बायकांना वाटलं, त्यांना सगळं ठाऊकच आहे. राजपुत्राचं पद लागलं तेव्हा मी लाकूड असून शहारलो. टाळ्या पडल्या. शिवतेजनंही मान लववून त्या घेतल्या. मग लोक पांगले, आणि शालूबाई घरी जाऊन उंबऱ्यावर बसल्या. दार लावल्याचा आवाज मी ऐकला नाही.

सकाळी बोळाच्या तोंडाशी जीप थांबली. लोखंडी ट्रंक जमिनीवर टेकली. अवधूत मांडव सोडवत होता, तो धावत आला आणि मान खाली घालून सगळं सांगत सुटला.

"आरं, मग माझ्याशिवाय बी मीच गायलो की," आकाराम हसून म्हणाला. "बरं झालं गड्या. नाटक न्हाई बुडलं."

मग त्यानं सहज फ्लेक्सचा कोपरा उचलला. माझ्यावर ऊन पडलं आणि ती ओळ त्याला दिसली. त्याचं हसू थांबलं. त्यानं अवधूतला हळूच विचारलं, की आईला कुणी सांगितलं होतं का?

"कोण हाय तिथं?" उंबऱ्यावरून आवाज आला.

"मी हाय आये."

"आता घर गावलं व्हय?" शालूबाई बसल्या जागेवरून उठल्या नाहीत. "काल लय ग्वाड गायलास. समद्यांला आवाज दिलास न् आईच्या दारावरनं निगून गेलास. ताट झाकून ठिवलं हुतं."

अवधूतनं खरं सांगायला तोंड उघडलं. आकारामनं त्याचा दंड घट्ट धरला.

"चुकलं आये," तो म्हणाला. "मंडळी सोडंनात. लय चुकलं."

"न् गेल्या साली ज्या जाग्याला खोकला आलता, तितंच औंदा बी आला," त्या म्हणाल्या. "वरीस झालं, औषिद घेत न्हाईस व्हय रं?"

आकाराम ट्रंक तिथंच टाकून गेला आणि त्यांच्या पायाशी बसला. न केलेल्या गुन्ह्याची बोलणी त्यानं मुकाट खाल्ली, आणि मागून आदल्या दिवशीची शिळी पोळीही.

त्या दिवाळीच्या आत शालूबाई गेल्या. तेव्हाही आकारामला गाडी उशिराच मिळाली.

यंदा मे लागला तेव्हा फ्लेक्स आला नाही. अवधूतनं मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि पंतांच्या मुरलेल्या अक्षरावरून खडू गिरवला. वाद्यवाल्यांना त्यानं काय सांगितलं, देव जाणे. फोन आला, तारीख पडली. खडूवरून हात फिरवायला मात्र कुणी आलं नाही. संध्याकाळभर मी काठीच्या आवाजाची वाट पाहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला रंग द्या, न द्या. चौकात नवीन काही लावायचं असेल तर खुशाल लावा. फक्त जुन्या गोष्टीवर कोण हात फिरवून जातं ते आधी बघा, आणि त्याच्या दारात जाऊन त्याला सांगा. दुसरं कुणी सांगेल म्हणून घरी बसू नका.

नाटक झालं. पहिल्या रांगेतली एक खुर्ची कुणी न सांगता रिकामी राहिली होती. आकारामचा गळा यंदा अगदी स्वच्छ होता, पाण्यासारखा. मी एवढ्या थापा मारतो, पण ही थाप नाही. त्याच पदात, त्याच जागी तो थांबला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मुद्दाम खोकला.