त्याच्या उंचीची मेणबत्ती

१९८८ सालचा सप्टेंबर, शेवटचा आठवडा. उत्तरेचा वारा पडला होता, द्राक्षं तुडवून झाली होती, आणि आमच्या बंदरातल्या सहलीच्या बोटी एकेक करून किनाऱ्यावर ओढून घ्यायला सुरुवात झाली होती. माझी बोट अजून पाण्यात होती. ग्लारोनिसी बेटाची रविवारची एक फेरी राहिली होती, आणि त्या फेरीत मला माझ्या बायकोचा नवस फेडायचा होता.

ग्लारोनिसीवर कुणी राहत नाही. खाली निळी खाडी, वर टेकडीवर संत मारिनाचं पांढरं, एका खोलीचं चर्च, आणि मध्ये बकऱ्यांनी पाडलेली वाट, एवढंच ते बेट. परदेशी लोकांना ते फार आवडतं. सकाळी त्यांना न्यायचं, पोहू द्यायचं, दुपारी किनाऱ्यावर जेवू घालायचं आणि ऊन उतरलं की परत आणायचं, हे काम मी मासेमारी सोडल्यापासून करत होतो. सुकाणू माझ्याकडे असे. इंजिन, दोर आणि चढता-उतरताना प्रवाशांना हात देणं माझ्या मुलाकडे, आर्गिरिसकडे. माहिती सांगायला दानाई नावाची अथेन्सची मुलगी होती. तिला चार भाषा येत आणि ती सगळ्या भाषांत सारखीच हसत असे.

माझ्या बायकोचं नाव आन्थूला. ती त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासात वारली. जायच्या आदल्या दिवशी तिने मला जवळ बसवून सांगितलं की आर्गिरिस चार वर्षांचा असताना तापाने हातचा जात होता, तेव्हा ती एकटी ग्लारोनिसीवर गेली होती आणि संत मारिनाला बोलली होती की हा वाचला तर याच्या उंचीची मेणबत्ती तुझ्यापुढे लावीन. तो वाचला. मेणबत्ती राहून गेली. आधी जाळी, मग बोट, मग प्रवासी. "ते देणं अजून आहे," ती म्हणाली. मी म्हणालो, "बघतो." तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये आर्गिरिस दोनदा इंजिनाशी कोसळला. तीस वर्षांचा, बैलासारखा गडी, माझ्यापेक्षा डोक्याने उंच. डॉक्टरने रक्त तपासलं, छाती तपासली आणि काही नाही म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्यांदा तो पडला तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते आणि डोळे वर गेले होते, अगदी त्या तापात गेले होते तसे. माझ्या घरात आता तेवढाच एक माणूस उरला होता. मी दोर घेतला आणि त्याला भिंतीशी उभा राहा म्हणालो.

"काय, शवपेटी सांगताय की काय?" तो म्हणाला.

"गप उभा राहा. टाच भिंतीला लाव."

"पेटी करायची तर जरा ऐसपैस करा, बाबा. आईसारखी दाटीवाटी नको."

मी त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत दोर धरला आणि गाठ मारली. तो दोर घेऊन मेणबत्त्या ओतणाऱ्या मारिगोबाईकडे गेलो. ती म्हातारी बाई गावातल्या चर्चच्या मागे राहते. अर्ध्या गावाचे नवस तिच्या हाताखालून गेलेले आहेत. तिने दोर जमिनीवर सोडला आणि पायाने सरळ केला.

"तुझी आन्थूला नवस बोलली तेव्हा पोर केवढं होतं?"

"चार वर्षांचं."

"मग तेवढीच करू या ना, सारांडिस. बोलली तेव्हाची उंची ती देण्याची उंची."

"तो चार वर्षांचा राहिला नाही. मधली सगळी वर्षं त्याला मिळाली. मी कमी मापाने देणार नाही."

"कमी नाही रे. ठरलं तेवढं."

"दोराएवढी ओत," मी म्हणालो.

"तुझा बापही असाच होता," ती म्हणाली. "अडला तर अडला." पण तिने ओतली. शुद्ध मधमाश्यांचं मेण, मनगटाएवढी जाड, आणि दोराच्या गाठीला केसभरही कमी नाही.

रविवारी सकाळी आर्गिरिसने ती पांढऱ्या चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतली. नवसाची मेणबत्ती वाटेत जमिनीला टेकवत नाहीत. धक्क्यावरून येताना तो कॉफीवाल्याला ओरडून म्हणाला, "बघ, मीच मला खांद्यावर घेऊन चाललोय." कॉफीवाला हसला. आर्गिरिसने मेणबत्ती उजव्या बाजूच्या बाकावर आडवी ठेवली, चादरीची टोकं नीट खोचली, आणि प्रवाशांना हात द्यायला फळीपाशी उभा राहिला.

पहिली चढली ती एक फ्रेंच म्हातारी. आर्गिरिसने हात पुढे केला. तिने फळीचा कठडा धरला आणि त्याच्या बाजूने आत गेली. मग बाकाजवळ आल्यावर ती थांबली, चादरीकडे पाहून मान लववून काहीतरी म्हणाली आणि अंग चोरून पलीकडे बसली. मला वाटलं, धार्मिक बाई असेल. तिच्यामागून एक जर्मन जोडपं आलं, मग मुलांना घेऊन एक डच कुटुंब. आर्गिरिसचा हात पुढेच होता. कुणी घेतला नाही.

"आज सगळ्यांना स्वतःच्या पायांवर भलता भरवसा आहे," तो म्हणाला आणि दोर सोडायला गेला.

समुद्र तेलासारखा होता. अशा दिवशी सुकाणूला काम नसतं, म्हणून माणूस इकडेतिकडे बघतो. दानाईने पाण्याचे पेले वाटले. प्रत्येकाला एक, मला एक, आणि एक तिने बाकावर चादरीच्या टोकाशी ठेवला, जिथे डोकं असतं तिथे. मग ऊन सरकलं तेव्हा बोलता बोलता तिने आपली गवती टोपी काढली आणि त्याच टोकावर ठेवली. डच लोकांची धाकटी मुलगी चादरीला टेकून झोपून गेली होती. तिच्या आईने येऊन मुलीला हळूच बाजूला घेतलं आणि चादरीकडे बघून, लोक एखाद्याची माफी मागतात तशी, ओशाळून हसली.

मी दानाईला हाक मारली. "आर्गिरिसला पाणी दिलं नाहीस."

ती माझ्याकडे पाहून हसली, मग तिने बोटीच्या मागच्या बाजूला पाहिलं. आर्गिरिस तिथे इंजिनाच्या झाकणावर बसला होता, तिच्यापासून दोन हातांवर. तिची नजर त्याच्यावरून पाण्याकडे गेली आणि परत आली.

"दिलंय की, कप्तान," ती म्हणाली आणि बाकावरच्या पेल्याकडे बोट दाखवलं.

"पोरी, थट्टा मला आवडत नाही."

"कसली थट्टा?" तिला खरंच कळलं नव्हतं. ते मला तिच्या तोंडावर दिसलं.

आर्गिरिसने सगळं ऐकलं होतं. "जाऊ द्या बाबा," तो म्हणाला. "मला तहानच नाही. सकाळपासून कशी ती लागलीच नाही."

मी सुकाणू घट्ट धरलं. ज्याच्या नावाने मेणबत्ती जाते त्याच्या अंगावर त्या दिवशी थोडं दडपण येतं, असं बायका म्हणतात. देणं फिटलं की उतरतं. मी तेच धरून बसलो.

खाडीत नांगर टाकून बोट खडकाला बांधेपर्यंत मला वेळ लागला, कारण आर्गिरिसच्या हातात दोर धरत नव्हता. दोनदा सुटला. "बोटं बधिर झालीत," तो म्हणाला. तेवढ्यात प्रवासी उतरले होते. वळून पाहतो तर ते वाटेने वर चालले होते, सगळे, अगदी मुलंसुद्धा, आणि मेणबत्ती त्यांच्या मध्ये होती. दोन्ही बाजूंनी हात लावून, खाचखळगा आला की थांबून, एकमेकांना खुणा करून ते तिला आजारी माणसाला न्यावं तसं नेत होते. कुणी पोहायला थांबलं नव्हतं. आर्गिरिस त्यांच्या मागून चालत होता.

"मी आणली असती की," तो मागे वळून मला म्हणाला. "पण मागून येतो म्हटलं. चाललंय ते बरं चाललंय."

मी वर पोचलो तेव्हा मेणबत्ती संतिणीच्या तसबिरीपुढे, वाळूच्या पितळी घंगाळात उभी होती आणि पेटलेली होती. तसबिरीभोवती पत्र्याचे हात, पाय, डोळे, बोटी टांगलेल्या होत्या. आमच्या लोकांचे फिटलेले नवस. प्रवासी बाहेर येत होते, शांतपणे, कुणी फोटो न काढता.

"कुणी लावली?" मी दानाईला विचारलं. "नवस माझ्या घरचा आहे."

"तो केव्हाचा थांबला होता, कप्तान," ती म्हणाली, "म्हणून लावली." आणि ती बाकीच्यांबरोबर पोहायला खाली गेली.

आर्गिरिस आत मेणबत्तीशेजारी उभा होता. ज्योत बरोबर त्याच्या डोक्याच्या उंचीवर होती. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी रंग आलेला दिसला.

"हलकं वाटतंय, बाबा," तो म्हणाला. "मी बसतो जरा इथे. तुम्ही त्यांच्या जेवणाचं बघा."

मला बरं वाटलं. खाली येऊन मी निखारे केले, ऑक्टोपस भाजला, पाव कापला, टोमॅटोवर तेल आणि मीठ घातलं. लोक पाण्यात हसत होते, एकमेकांवर पाणी उडवत होते, रोजच्या प्रवाशांसारखे. दानाई पुन्हा तीच दानाई झाली होती. ती येऊन म्हणाली, "कप्तान, आज एकट्यानेच सगळं केलंत. पुढच्या वर्षी हाताखाली कुणीतरी ठेवा."

मी सुरी ठेवली आणि वर गेलो.

मनगटाएवढी मेणबत्ती दोन-दोन दिवस जळते. ही निम्मी झाली होती. वारा नव्हता, दार मी जाताना लोटलेलं होतं, आणि मेण कुठे ओघळलेलं नव्हतं, वाळूतसुद्धा. आर्गिरिस भिंतीच्या दगडी बाकावर बसला होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या पंजांवर आल्या होत्या. मी त्याच्याकडे चालत गेलो आणि मग थांबलो, कारण त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तो ते हलवत होता, मागे पुढे, बाकाच्या दगडावर टाचा आपटत.

"आर्गिरिस, ऊठ. चल खाली."

"थोडा वेळ," तो म्हणाला. आवाज बारीक होता. "इथे थंड आहे."

मी वळलो आणि ज्योत चिमटीत धरली. बोटं भाजली, ज्योत विझली. माझ्या मागे बाकावरून पडल्याचा आवाज आला. तो फरशीवर होता. ओठ निळे, डोळे वर गेलेले, छाती हलत नव्हती. मी त्याला हलवलं, हाका मारल्या, तोंडाला तोंड लावून हवा भरली, समुद्रातून काढलेल्या माणसाला भरतात तशी. काही झालं नाही. मी आयुष्यात कुणापुढे गुडघे टेकले नव्हते. त्या तसबिरीपुढे टेकले आणि म्हणालो, चुकतंय, हिशेब चुकतोय, ती एवढं बोललेली नव्हती. पत्र्याचे हातपाय जागच्या जागी होते. संतिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या तसबिरीत तिची नजर नेहमीच दाराकडे असते.

मग मी तसबिरीपुढे जळणाऱ्या समईवरून ज्योत घेतली आणि माझ्या हाताने मेणबत्ती पुन्हा लावली.

त्याने श्वास घेतला. मी त्याला उचलून बाकावर बसवलं. तीस वर्षांचा माणूस मी एका हाताने उचलला.

"विझवू नका ना, बाबा," तो म्हणाला. "अंधार होतो."

"नाही विझवत."

मी त्याच्या शेजारी बसलो. ज्योत खाली येत राहिली. त्याने मला विचारलं की माशांना झोप लागते का, आणि आपल्या बोटीला डोळे का रंगवत नाहीत. हे प्रश्न त्याने मला पूर्वी विचारले होते आणि तेव्हा मी जाळी दुरुस्त करत होतो. आता मी उत्तरं दिली. मला येत होती तेवढी दिली. मग तो म्हणाला की अंग गरम लागतंय. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. ते तापलेलं होतं. त्याने डोकं माझ्या मांडीवर टेकलं आणि शर्ट ओढून पायांवर घेतला. तो शर्ट त्याला पायांपर्यंत पुरत होता.

खालून दानाईने हाका मारल्या तेव्हा दारातलं ऊन तिरपं झालं होतं. घंगाळात मेणबत्ती उरली नव्हती, वाळू सपाट होती, आणि माझ्या मांडीवर नुसता शर्ट होता. मी उठलो, समईत तेल घातलं, दार ओढून घेतलं आणि खाली आलो.

प्रवासी बोटीत बसले होते. उजवा बाक मोकळा होता, म्हणून डच मुलं त्यावर आडवी झाली होती. दानाईने सगळ्यांना एकदा नजरेखालून घातलं.

"सगळे आले, कप्तान. निघायचं?"

मी खडकावर दोर हातात धरून उभा होतो. वाटेवर बकऱ्या उतरत होत्या.

"कुणाची वाट बघताय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मी दोर सोडला आणि इंजिन चालू केलं. नवस फिटला होता.