साखळी ओढली तेव्हा

कॉलेजच्या व्यायामशाळेतील मुलींच्या न्हाणीघराला कुलूप लागल्यापासून ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अंघोळ करीत असे. वर्गात तिचे नाव पडले होते 'मावशीकडची', कारण कुठे राहतेस या प्रश्नाला तिचे उत्तर ठरलेले होते. मावशी मात्र कुठेच नव्हती. भावाने जमवलेले लग्न तिने मोडले, तेव्हा "शिकायचंय ना? शीक. पण या घरात राहून नाही," असे म्हणत त्याने तिची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली होती, आणि आई भिंतीकडे पाहत राहिली होती. आता पाठ टेकायला बसस्थानकाचे प्रतीक्षालय होते. भूक लपवता येते. घाम लपत नाही, आणि पाळीचे दिवस तर नाहीच नाही.

कुलूप प्राचार्यांनी घातले होते. न्हाणीघरात वाळत घातलेली एक ओढणी त्यांना पुरली. "हे कॉलेज आहे, धर्मशाळा नव्हे!"

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात अपघातासाठीचा शॉवर होता. अंगावर आम्ल सांडले तर साखळी ओढायची. त्याची टाकी वेगळी, लहानशी. तिथले शिपाई, सगळ्यांचे मामा, ती प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी भरीत. उपकरणे मांडायला ती सर्वांआधी येई, म्हणून दाराची किल्ली तिच्याकडे असे.

त्या सकाळी तिने केस धुतले. कितीतरी दिवसांचा परकेपणा मातकट होऊन मोरीकडे वाहत गेला. मग धार बारीक झाली आणि तुटली. मामा भरतीलच, तिने मनाला समजावले.

मामा आले, पण टाकीच्या शिडीकडे फिरकले नाहीत.

"मामा, टाकी?"

"कालच भरून ठेवली की! तुला गं कशाला टाकीची काळजी?"

रिकामी आहे म्हणावे, तर तुला कसे कळले, हा प्रश्न येणार. आणि त्यामागून किल्ली, कॉलेज, सारेच जाणार. ती परीक्षानळ्या मांडू लागली. खिडकीबाहेरचे ऊनही श्वास रोखून उभे असल्यासारखे वाटत होते.

"अगं, आज केस काय, चेहरा काय!" शेजारच्या जागेवरची तिची मैत्रीण भिंगरी तिला कोपराने ढोसत म्हणाली. "मावशीने तूप पाजलं वाटतं? मला दत्तक घेते का विचार ना."

"गप गं. परीक्षानळी धर नीट."

हसता हसता भिंगरी खाली पडलेला चिमटा उचलायला वाकली, आणि तिच्या धक्क्याने टेबलावरची आम्लाची उघडी बाटली कलंडली. आम्ल तिच्या मानेवरून पाठीवर उतरले. किंकाळी ऐकून विभागप्रमुख बाईंनी तिला ओढत शॉवरखाली नेले आणि साखळी ओढली.

वरून काही थेंब पडले, बस्स.

बेसिनच्या नळाखाली पाठ मावेना. मुलींनी चंचुपात्रांतून पाणी ओतले, पण तोवर आम्लाने आपले काम केले होते.

दुपारी प्राचार्यांच्या दालनात मामा हात जोडून उभे होते.

"साहेब, भरली होती हो. पोरांची शपथ."

"मग पाणी काय उडून गेलं? उद्यापासून येऊ नका."

"मी संपवलं," दारातून आवाज आला. "सकाळी. अंघोळीला."

"घरी पाणी येत नाही तुझ्या?"

"घर नाही, सर."

"म्हणजे माझं कुलूप बरोबरच होतं," प्राचार्य हळूच म्हणाले. "बाई, हिला काढून टाका."

बाईंनी मान हलवली. "नाही. टाकी रिकामी आहे हे माहीत असून ही बोलली नाही. त्याची शिक्षा हिला होऊ दे. पण बोलायची सोय आपण ठेवली होती का? न्हाणीघर मी आत्ता उघडते आहे. आणि त्या भाजलेल्या पोरीच्या आईला मी दोघांचीही नावं सांगणार, हिचं आणि तुमचं. कुलूप पडताना मी गप्प बसले, तेव्हा तिसरं माझं."

"माझं मीच सांगते, बाई," ती म्हणाली.

इस्पितळाच्या बाकावर भिंगरीची आई पदर तोंडात धरून बसली होती. पावले ऐकून तिने मान वर केली आणि समोर आलेल्या मुलीच्या गालावरून हात फिरवला.

"हिच्या वर्गातली ना तू? किती घाबरलीस गं. जा बाळा, घरी जा. आई वाट बघत असेल."

ती त्या आईच्या पायांशी खाली बसली.

"काकू," ती म्हणाली, "मला आधी सगळं सांगू द्या. मग जा म्हणा."